सीना-भीमा संगमाची राखण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सोलापुरातली दहा-बारा माणसं. कुणी शिक्षक, कुणी यंत्रमागावर, दोघी बँकेत, एक निवृत्त एसटी चालक. महिन्यातून एका रविवारी हत्तरसंग कुडलला जातो आणि नदीची नोंद ठेवतो. संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. पण फोनवर, लग्नात, चहाच्या टपरीवर तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कोणता संगम म्हणता तुम्ही?

दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर हत्तरसंग कुडलला सीना येऊन भीमेला मिळते, तो. सीना निघते नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर म्हणायचं) आणि करमाळा, माढा, मोहोळ करत खाली येते. भीमा येते भीमाशंकरहून, उजनी आणि पंढरपूर मागे टाकून. संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वराजवळचं बहुमुखी शिवलिंग बघायला लोक लांबून येतात.

संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत अभ्यासक त्याला धरतात आणि अनेक जण तर पहिला मान त्यालाच देतात. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्यात ओळ आहे. नव्या माणसाला आम्ही आधी तिथं नेतो. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच काठावर बसून काहीतरी नोंदवून ठेवलं, हे डोळ्यांनी बघितलं की आमच्या वहीचं हसू येत नाही.

सोलापूरला समुद्र नाही. मग नदीमुखाच्या, खाडीच्या गोष्टी कशाला?

हा प्रश्न हसतच विचारला जातो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात कुणी खाडीबद्दल बोललं तर हसू येणारच.

पण कुडलहून एक काडी पाण्यात टाका आणि मनानं तिच्यामागे जा. काही अंतर भीमा महाराष्ट्र आणि कर्नाटकाची हद्द होऊन वाहते. मग गाणगापूर, जिथं आपल्याकडचे दत्तभक्त भीमा-अमरजा संगमावर डुबकी मारायला जातात. मग रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते. पुढं श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आणि शेवटी हंसलदीवीला बंगालचा उपसागर. तिथं कृष्णेच्या मुखाशी खारफुटीचं जंगल आहे, अभयारण्य आहे, पाण्यात शिरून मासे पकडणारं रानमांजर आहे.

अशा मुखाशी गोडं आणि खारं पाणी एकमेकांत मिसळतं. कोकणात त्याला आपण खाडी म्हणतो. भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला नदी बाहेर जाते आणि दोघांच्या भांडणात चिखल साचतो. त्या चिखलात कोळंबी, खेकडे, जिताड्यासारखे मासे लहानाचे मोठे होतात. खारफुटीची मुळं लाट मोडतात, किनारा धरून ठेवतात. राज्यानं २०१२ साली कांदळवन कक्ष काढला, तेव्हापासून कोकणातल्या अनेक गावांत खारफुटी राखण्याच्या कामात कोळी आणि बचतगटाच्या बायका आहेत. जाळं रिकामं यायला लागलं की खाडी कुणाची, हे पटवून द्यावं लागत नाही.

आपल्याला ते जाळं दिसत नाही, एवढाच फरक. पुण्याहून आलेलं आपल्याला नको असतं. तसं आपण सोडलेलं इंडीच्या, गाणगापूरच्या माणसाला नको असतं आणि सगळ्यांनी मिळून सोडलेलं हंसलदीवीच्या माणसाला.

एक गंमत सांगतो. ही नदी मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांतून समुद्राला जाते आणि सोलापुरात या तिन्ही भाषा घराघरांत आहेत. हंसलदीवीचा उच्चार आम्ही दोन वर्षं चुकीचा करत होतो. शहराच्या पूर्व भागातले एक तेलुगू बोलणारे पद्मशाली काका आमच्यात आले आणि त्यांनी तो दुरुस्त केला.

समुद्राला मिळणारं पाणी वायाच जातं ना?

नाही. हे वाक्य इतक्या भाषणांत ऐकलंय की लहान पोरंही बोलतात.

नदी समुद्राला नुसतं पाणी देत नाही. गाळ देते, वाळू देते, माशांना खाणं देते. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारं पाणी नदीतून आत शिरतं, विहिरी मचूळ होतात, भाताची खाचरं नासतात. गाळ धरणांत अडला की मुखाजवळची जमीन समुद्र खात जातो. कृष्णेच्या खोऱ्यात इतकी धरणं आणि बंधारे आहेत की कोरड्या वर्षी समुद्रापर्यंत फारच थोडं पाणी पोचतं. अहीर नावाचा लांबोळका मासा समुद्रात जन्मतो आणि नदीत येऊन वाढतो. त्याच्या वाटेत आपण किती भिंती घातल्या, ते मोजून बघा.

म्हणून धरणं पाडा, असं आम्ही म्हणत नाही. सोलापूरच्या माणसाला ते परवडणार नाही. १९८० साली पुरी झालेली उजनी नसती तर हा जिल्हा आज कसा असता, याची कल्पनाही नको. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. 'उजनी प्लसमध्ये आली का?', म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर चढलं का, हा आपला मे-जूनमधला रामराम. आमचं म्हणणं एवढंच की हिशेबात नदीचाही वाटा धरावा. बंधाऱ्याखाली पार डबकी होऊ देऊन मग आषाढीला स्नानापुरतं पाणी सोडायचं, याला नदी वाहणं म्हणत नाहीत.

तुम्ही तिथं जाऊन नेमकं करता काय?

बघतो आणि लिहितो. हे उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो. त्यांना झाडू, हातमोजे आणि गटाचा फोटो अपेक्षित असतो.

एक जाड पुठ्ठ्याची हिशेबाची वही आहे. प्रत्येक भेटीला एक पान. वर तारीख, वेळ, कोण कोण होतं. मग पाणी वाहतंय की थांबलंय. वाहत असेल तर ठरलेल्या दोन दगडांमधलं अंतर कडुनिंबाचं पान किती सेकंदांत जातं. पाण्याचा रंग, पण 'घाण' असं लिहायचं नाही. हिरवट, चहासारखा, राखाडी, तांबूस असं लिहायचं. वास कसला, तेही. मातीचा, शेवाळाचा, गटाराचा की मळीचा. मळीचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. फेस आहे का. जलपर्णी कुठून कुठपर्यंत. कोणते पक्षी, किती. आज कुणी जाळं टाकलं होतं आणि त्यात काय आलं. ठरलेल्या तीन जागांवरून, त्याच कोनातून तीन फोटो.

हे सगळं तासा-दीड तासात होतं. पहिल्या सहा महिन्यांत त्यातून काहीही कळत नाही, उगाच आलो असं वाटतं. बारा पानं झाली की पहिली गोष्ट दिसते: अमुक महिन्यात पाण्याचा रंग बदलतो. चोवीस पानं झाली की कळतं, तो दरवर्षी त्याच सुमाराला बदलतो. आणि मग प्रश्न विचारता येतो. नदी खराब झाली, असं म्हणणारा माणूस कार्यालयात गेला तर त्याला चहा मिळतो. 'गेल्या दोन वर्षांत गळीत हंगाम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात या जागी पाणी चहासारखं झालं, हे फोटो' असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. चहा मिळेलच असं नाही.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही का?

काही गोष्टींना लागते. काहींना एक ताटली पुरते.

जुन्या स्टीलच्या ताटलीला पांढरा-काळा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, दोरीला दर वीतभर अंतरावर गाठ मारा. ताटली सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाण्याचा गढूळपणा झाला मोजून. तापमापक आणि आम्लता बघायच्या कागदी पट्ट्या दुकानात मिळतात.

विरघळलेल्या प्राणवायूचं मोजमाप जरा खर्चिक, पण तीच खरी नाडी. आंघोळीच्या पाण्यासाठी सरकारी निकष असा आहे: लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू आणि जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमच्या आत. पाण्यात सांडपाणी, मळी, कुजकं काहीही पडलं की जिवाणू ते खाताना प्राणवायू संपवतात. मासा बिचारा विषानं मरतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो गुदमरून मेलेला असतो.

आमच्या मोजमापाला कोर्टात किंमत नाही, हेही सांगून ठेवतो. कायद्यानं धरला जातो तो अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुना. आमची ताटली फक्त त्या अधिकाऱ्याला कुठं आणि कधी यायचं ते सांगते.

म्हणजे कचरा उचलतच नाही?

उचलतो, पण मोजून. यामागे एक फजिती आहे.

सुरुवातीला आम्हीही जोशात होतो. एका रविवारी दिवसभर राबून पोत्यांची ही रास लावली. प्लास्टिक, चपला, देवांच्या तसबिरी, फुटक्या काचा. एका कार्यालयानं सोमवारी गाडी पाठवतो असं कबूल केलं होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला, आम्ही फोन करत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात वरून पाणी सोडलं आणि पोती गेली. सगळा काठभर विखुरलेला कचरा आम्ही व्यवस्थित बांधून नदीच्या स्वाधीन केला. त्या दिवसाच्या पानावर एसटीवाल्या काकांनी एकच शब्द लिहिलाय, तो इथं देता येणार नाही.

तेव्हापासून नियम असा की जेवढं आपल्या गाडीत बसून सोलापूरला येईल तेवढंच उचलायचं. आणि उचलताना पाकिटावरचं नाव बघायचं. गुटखा, शाम्पूची पुडी, खताची गोणी की औषधाची बाटली, हे लिहिलं की कचरा कुठून येतो ते कळतं. कीटकनाशकाच्या बाटलीला मात्र उघड्या हातानं शिवायचं नाही.

नदी घाण करतं कोण? पुणेवाले की कारखानेवाले?

सोलापुरात हा प्रश्न विचारला की उत्तर तयार असतं: पुणेवाले. त्यात तथ्य आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, हे कुणी नाकारत नाही. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं का होतं, त्याचं मोठं कारण ते आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे शेवाळाचं खतच.

पण सीनेला पुणे लागत नाही. मग सीनेचं काय? सोलापूर शहराच्या नाल्यांचं पाणी सीनेकडे उतरतं. शहराची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत, देगावला आहे, कुमठ्याला, प्रतापनगरला. मात्र केंद्रापर्यंत न पोचता नाल्यातून वाहणारं पाणी कुणीही पुलावर उभं राहून बघू शकतं. चादर-टॉवेलच्या धंद्यात सूत रंगतं, रंगाचं पाणी निघतं, ते कुठं जातं हे विचारणं म्हणजे धंद्याच्या पोटावर पाय देणं नाही. आमच्यातच दोघं त्या धंद्यातले आहेत.

साखर कारखाने जिल्ह्यात तीसच्या वर आहेत. त्यातल्या आसवन्यांचं, म्हणजे मळीपासून स्पिरिट गाळणाऱ्या विभागांचं, सांडपाणी नीट जिरवलं तर ते खताला जातं, रात्रीच्या अंधारात ओढ्यात सोडलं तर मासे जातात. कुठला कारखाना काय करतो हे आम्ही इथं लिहिणार नाही, कारण ते सिद्ध करायला नमुना लागतो. आणि कारखान्याला शिव्या घालणाऱ्या आपल्यापैकी निम्म्यांचा ऊस तिथंच जातो. उसाला मोकळं पाणी सोडायचं, युरियाच्या गोण्या ओतायच्या, त्याचा निचरा परत नदीत. काठच्या जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, होत चालल्या आहेत, हे तर शेतकरीच सांगतात.

तेव्हा उत्तर असं की वाटेकरी बरेच आहेत. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला पाहिजे. सगळेच दोषी म्हटलं की कुणीच दोषी राहत नाही, आणि ते सर्वांना फार सोयीचं असतं.

जलपर्णी काढून टाकली की झालं ना?

पंधरा दिवसांत ती पुन्हा दुप्पट होते. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड पाण्यातल्या जादा खतावर वाढतं, त्यामुळे खत येतं तोवर तीही येणार. काढायची तर पहिल्या पावसाआधी, ती थोडी असताना. आणि काढून काठावर टाकायची नाही, पहिल्या लोंढ्यात ती परत पाण्यात जाते. लांब नेऊन कंपोस्ट करायची. एक काठ धरून रोज थोडी काढणारी चार माणसं ही एका दिवसाच्या शंभर माणसांपेक्षा कामाची.

मेलेले मासे दिसले तर काय करायचं?

आधी घड्याळ बघा. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून गुदमरलेले मासे बहुधा सकाळी दिसतात. जिवंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत का ते बघा; तसं असेल तर प्राणवायूच कमी. फक्त लहान मेलेत की सगळ्या आकाराचे? एकाच जातीचे की चिलापी, मरळ, शिंगटा सगळंच? शेजारच्या ओढ्याच्या तोंडाशी जास्त आहेत का? या सगळ्याचे फोटो काढा, फोटोत काठावरची ओळखीची खूण येऊ द्या.

मग लगेच फोन. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सोलापुरात आहे. ग्रामसेवक आणि तलाठी यांनाही कळवा. दुसऱ्या दिवशी नको. पाणी वाहून जातं आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो. आणि ते मासे कुणी बाजारात न्यायला लागलं तर अडवा, अगदी ओळखीतला असला तरी.

लेखी तक्रार कुठं करायची?

जिथं पोच मिळते तिथं. तोंडी तक्रार म्हणजे गप्पा.

प्रदूषणाची तक्रार मंडळाकडे, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा उल्लेख करून. वाळूची तहसीलदारांकडे. बंधाऱ्याची दारं, पाणी सोडणं हे पाटबंधारे खात्याकडे. तक्रारीचं पुढं काय झालं हे कळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. तिथं 'नदीबद्दल काय केलं?' असा मोघम प्रश्न विचारू नका, त्याला मोघम उत्तर येतं. अमुक महिन्यात अमुक ठिकाणचे किती नमुने घेतले, त्यांच्या अहवालाच्या प्रती द्या, असं विचारा.

आणि एक हत्यार पुष्कळांना माहीतच नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. बऱ्याच गावांत समिती कागदावर असते, नोंदवही बाहेरच्या कुणीतरी भरून दिलेली असते. ती ग्रामसभेत मागा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी साधारणपणे सभा होतातच. नोंदवहीत आपल्या नदीतला एकही मासा नसेल तर भोई मंडळींना पुढं बसवून नावं लिहून घ्या. कुडलकडे आम्ही पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा एका आजोबांनी एका दमात इतकी माशांची नावं सांगितली की लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. त्यातले किती आता मिळतात, असं विचारल्यावर ते गप्प झाले. वहीत दोन्ही लिहिलंय.

वाळूबद्दल बोलायचं का?

जपून. एकट्यानं नाही, रात्री नाही, गाडीचे फोटो काढायला तर मुळीच नाही. नदीच्या अंगावरचं मांस काढावं तशी वाळू निघते. खड्डे राहतात, पाणी जिरायचं थांबतं, काठच्या विहिरी खाली जातात. हे सगळं खरं असलं तरी आम्ही पोरांना हुतात्मा व्हायला नेत नाही. खड्ड्याची जागा आणि तारीख वहीत लिहायची, बाकी गावानं ग्रामसभेत ठराव करून पुढं न्यायचं. ठरावामागं गाव असतं, फोटोमागं एकटा माणूस.

रक्षा, निर्माल्य, मूर्ती यांचं काय? लोकांच्या भावना दुखावतात.

रक्षा घेऊन आलेल्या माणसाला आम्ही काहीच म्हणत नाही. तो घरचं माणूस घालवून आलेला असतो. चिमूटभर राख नदीला जड नसते. जड असते तिच्याबरोबरची प्लास्टिकची पिशवी, गादी, कपडे, नायलॉनच्या साड्या. सगळं आटोपून माणसं वर आली की आमच्यातल्या एक मावशी जवळ जाऊन 'पिशवी द्या दादा, मी टाकते' एवढंच म्हणतात. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

मूर्तीचं सोपं आहे. शाडू विरघळते, प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही. दसऱ्याच्या सुमारास पाणी उतरल्यावर उघडे पडलेले हात-पाय-सोंडा ज्यानं बघितल्या त्याला भाषण द्यावं लागत नाही.

गावातल्या लोकांना तुमचं येणं आवडतं का?

सुरुवातीला नाही. शहरातून चारचाकीत येऊन कपडे धुणाऱ्या बायांना 'साबण नका वापरू' सांगणारी माणसं कुणाला आवडतील? एका ताईंनी सरळ सुनावलं, 'तुमच्या गावचं गटार आधी बांधा, मग माझ्या साबणाची वडी बघा.' त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर सल्ला देणं बंद केलं, विचारणं सुरू केलं. पूर्वी पाणी कुठवर असायचं? कुठला डोह कधी आटला? गुरं कोणत्या घाटावर पाणी पीत नाहीत? जनावराला आपल्या आधी कळतं.

आता दोन गावकरी स्वतः नोंदी करतात, महिनाभर आम्ही नसताना. त्यातला एक मेंढपाळ आहे, लिहिता येत नाही म्हणून फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. निम्मं कन्नड, निम्मं मराठी, मधूनमधून मेंढरांचं बें. आमच्या वहीतल्या उत्तम नोंदी त्याच्या आहेत.

काठावर झाडं लावू या का?

कोणती, ते आधी ठरवा. गुलमोहर, सुबाभूळ नको. पुराच्या पट्ट्यात वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी टिकतात. पाण्याच्या कडेला लव्हाळा आणि शेरणी आपोआप येतात, त्यांना 'गवत वाढलंय' म्हणून उपटून टाकू नका, काठ तेच धरतात. वेडी बाभूळ मात्र पसरत असेल तर काढा. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या जिल्ह्यात लावलेल्या रोपाला दोन उन्हाळे पाणी घालायला कोण येणार, त्याचं नाव ठरल्याशिवाय खड्डा खणू नका.

२०२५ च्या पुरानंतर नदी 'साफ' झाली म्हणतात, खरं का?

नदी रिकामी झाली, असं म्हणा. त्या सप्टेंबरात सीनेनं जे रूप दाखवलं ते जुन्या माणसांनीही बघितलं नव्हतं. माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतली गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. माती, जनावरं, उभी पिकं, घरातली भांडीकुंडी सगळं खाली गेलं.

पाणी उतरल्यावर आम्ही बाभळींच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्यांची उंची मोजली. पूर कुठवर आला याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही. पाटबंधारे खातं नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतं: पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. आपल्या गावाचा पूररेषेचा नकाशा बघितलाय असा माणूस शोधून दाखवा. प्लॉट घेणाऱ्यानं तरी सातबाऱ्याबरोबर तो मागावा.

मुलांना आणलं तर चालेल?

आठवीच्या पुढची, पालकांसोबत. काठावर पाण्याच्या मोटारी असतात, त्यांच्या केबली चिखलातून गेलेल्या असतात, सोललेली वायर दिसत नाही. गवतात घोणस असू शकते. पाणदिवड दिसली तर ती बिनविषारी, तिला मारायचं नाही. उजनीतून किंवा नीरेवरच्या वीर धरणातून विसर्ग सुरू आहे अशी बातमी असेल त्या आठवड्यात आम्ही कुणालाच नेत नाही.

पोहता येतं का तिथं?

नाही. वाळूचे खड्डे वरून दिसत नाहीत.

येताना काय आणायचं?

पाणी, टोपी, बूट, पेन्सिल (पेन ओलं झालं की रुसतं). कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कुणी ना कुणी आणतंच, ती चार दिवस टिकते आणि तिला प्लास्टिक लागत नाही. पिशवीबंद वेफर आणलेत तर सगळ्यांची बोलणी खावी लागतील.

इतक्या लांब येणं जमत नाही. शहरात राहून काही करता येईल?

उलट तिथंच जास्त काम आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, असं आपण मानतो. गड्ड्याच्या जत्रेत त्याच तळ्याच्या काठी नंदीध्वज मिरवतात. कंबर तलाव आहे, १८७१ च्या सुमारास आदिला नदी अडवून बांधलेला हिप्परग्याचा तलाव आहे. कोणताही एक धरा आणि महिन्यातून एकदा जा.

किंवा त्याहून जवळ. तुमच्या घरामागून जो नाला जातो त्याचं नाव काय? तो कुठून येतो, कुठं जातो? एका शनिवारी त्याच्या काठाकाठानं जमेल तितकं चालून बघा. आमच्यातल्या बँकेतल्या ताई रोज कामावर जाताना एका पुलावर थांबून नाल्याचा रंग मोबाइलमध्ये टिपून ठेवतात. सोमवार राखाडी, मंगळवार राखाडी, बुधवार जांभळा. वर्षभराची ती यादी वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि वाचून झाल्यावर कुणी लगेच बोलत नाही.

मला एकदाच यायचंय, फक्त बघायला.

या. पान भरायला हात लागतातच.

वही असते कुणाकडे? हरवली तर?

एकदा हरवली होती, सात-आठ महिन्यांची. रिक्षात राहिली. तेव्हापासून प्रत्येक पानाचा फोटो तिघांच्या फोनवर जातो आणि मूळ वही ज्याची पुढची पाळी त्याच्या घरी राहते. सध्या ती जुन्या पेठेत एका किराणा दुकानात आहे, उधारीच्या वहीशेजारी. दुकानदार आमचाच. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं चुकून तीच उघडली आणि 'भीमा, राखाडी, बाकी?' असं विचारलं. दुकानदार म्हणाला, 'बाकी लई आहे.'